पाण्याच्या वाटेनं गुहागरला

अंबाजोगाई, जि. बीड

चि. ताईस,


डिसेंबरात सायकलवर कोकण किनारा करायचा म्हणतेस, आणि तिकडे अक्काच्या जिवाला घोर लागलाय. दोघींना एकदमच उत्तर देतो. जरूर जा. पण रेवसपासून रेडीपर्यंतचा अख्खा किनारा एका दमात उरकायचा बेत मला पटलेला नाही. त्यापेक्षा एकच तालुका धर, गुहागर. आणि सुरुवात किनाऱ्यावरून करू नकोस, कराडहून कर.

गुहागरच का, ते नकाशा पुढ्यात घेऊन बघ. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी, पश्चिमेला समुद्र. तीन बाजूंनी पाणी आणि मधे डोंगरच डोंगर. उत्तर टोकाला धोपाव्याच्या जेटीवरून फेरीबोट दाभोळला जाते, दक्षिण टोकाला तवसाळहून जयगडला. या दोन जेटींमधला रस्ता पन्नास-साठ किलोमीटरचा. आपल्याकडे गेवराईच्या गंगथडीत एवढं अंतर तू दुपारच्या जेवणाआधी कापशील. तिथे त्यालाच दोन दिवस दे.

कारण तिथला रस्ता सरळ जातच नाही. आपला बालाघाट एकदा चढून आलं की वर पठार लागतं, मग मैलोन्‌मैल पायाला आराम. गुहागरात सडा, म्हणजे जांभ्याचा माथा, चढायचा, वर पोचतेस न पोचतेस तोच उतार लागतो, खाली वहाळावरचा साकव, आणि साकव ओलांडला की लगेच पुढचा चढ. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, प्रत्येक गाव असं खाली पाण्याच्या कडेला बसलेलं आहे. साकवाच्या अलीकडे वळणावर बारीक लाल खडी पसरलेली असते. तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबलास तर चाक घसरलंच. वेग वळणाआधीच कमी कर आणि गिअरही तिथेच हलका करून ठेव. चढ सुरू झाल्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन उतरते, आणि भर चढावर थांबलेली सायकल पुन्हा हलवणं फार जड जातं.

आता कराडचं. गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण करत कराडला जाणारा रस्ता जुन्या वहिवाटीचा आहे. तू तो उलटा, कराडकडून धर. पाटणच्या पुढे कोयना धरणाचा मुलूख लागतो. या धरणाचं बरंचसं पाणी कोयना नदीतून पूर्वेला कृष्णेकडे न जाता डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे नेलं आहे. तिथे त्याच्यावर वीज होते आणि मग ते वाशिष्ठीत सोडलं जातं. कृष्णा पाणीतंटा लवादानं यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. कुंभार्ली घाट तू ज्या उतारानं उतरशील, त्याच उताराच्या जोरावर ही वीज होते. वाशिष्ठीची लांबी शंभर किलोमीटरही नाही. चिपळूणवरून ती दाभोळला जाते आणि समुद्राला मिळते.

म्हणून धोपाव्याच्या फेरीबोटीत उभी राहशील तेव्हा खाली नीट बघ. खाडीच्या त्या खाऱ्या पाण्यात साताऱ्याच्या डोंगरावर पडलेला पाऊसही मिसळलेला आहे. आणि आपल्या आष्टीची माणसं कृष्णा खोऱ्यातलं पाणी कधी येईल म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतायत. मी तुला कोणावर राग धरायला सांगत नाही. विजेचीही गरज होतीच. पण तू स्थापत्य अभियांत्रिकी शिकतेस, उद्या पाण्याच्या कामावर सही करशील. तेव्हा हे अंतर तुझ्या पायांना ठाऊक असावं, एवढीच माझी इच्छा.

दुसरी गोष्ट बघायची ती सड्यावर. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर. तरीही एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या वाड्यांवर टँकर जातो, बायका हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जातात. जांभा दगड सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि उताराकडून बाहेर पडून निघून जातं. नद्या आखूड, उतार तीव्र, समुद्र हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे आभाळ हात आखडता घेतं, तिथे जमीन पाणी धरून ठेवत नाही. टँकर मात्र दोन्हीकडे. चिरेखाण दिसली की पाच मिनिटं थांब आणि कापलेल्या भिंतीजवळ जाऊन बघ. वर कडक काळपट थर, खाली लाल-पिवळा, भोकाभोकांचा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ती भिंत जास्त शिकवते. मोटारीतून जाणाऱ्याला ती दिसतही नाही. चढावर धापा टाकत निघालेल्या सायकलवाल्याला दिसते, कारण त्याला आणि पाण्याला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे उतार.

निघण्याआधी तयारी घरच्या डोंगरावर कर. परळीहून भरल्या पिशव्या कॅरिअरला बांधून अंबाजोगाईला चढून ये. एकदा पाटोद्याकडे जा. मांजरा तिथे उगम पावते आणि सौताड्याला विंचरणा कड्यावरून खाली उडी घेते. त्याच डोंगरातली बिंदुसरा उत्तरेला जाऊन सिंदफणेतून गोदावरीला मिळते, मांजरा दक्षिणेकडून लातूर, कर्नाटक, तेलंगण असा वळसा घेऊन शेवटी त्याच गोदावरीत जाते. म्हणजे आपल्या डोंगरावरचा थेंब बंगालच्या उपसागराला पोचायला सगळा देश ओलांडतो, आणि गुहागरचा थेंब संध्याकाळपर्यंत समुद्रात. दोन्ही उतार तुझ्या पिंढऱ्यांना कळले पाहिजेत.

अक्कासाठी चार गोष्टी. मैत्रिणीला बरोबर घे. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठ. कराडच्या बाजूला तेव्हा ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे घाई करू नकोस. त्या गाड्यांवर बरीच माणसं आपल्याच बीड जिल्ह्यातली असतात. गाव विचार, बोल त्यांच्याशी. कुंभार्ली घाटात ब्रेक सलग दाबून धरू नकोस, दोन्ही आलटून पालटून मार आणि मधे थांबून रिम गार होऊ दे. पुळणीवर सायकल घालू नकोस, खारी वाळू चेन आणि बेअरिंग खाते. रोज संध्याकाळी चेन कोरड्या फडक्यानं पुसून थेंबभर तेल दे. सायकल धुवायला कोणाच्या विहिरीचं पाणी मागू नकोस.

आणि हेदवीला बामणघळ बघ, पण भरतीच्या वेळी कडेपासून लांब राहून. लाट चिंचोळ्या घळीत शिरते आणि फवारा वर उडतो. गुहागरला व्याडेश्वराच्या देवळात गेलीस तर सांग की अंबाजोगाईहून आले. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवी आपली योगेश्वरी. वऱ्हाड कोकणातून परळीच्या वैजनाथाकडे निघालं, मुहूर्त टळला आणि देवी इथेच राहिली, असं आपल्याकडे सांगतात. मार्गशीर्षात तिचं नवरात्र असतं, तिकडची माणसं एवढी लांबून येतात. त्या वाटेवर आपल्याकडून उलटं जाणारं कोणीतरी हवंच होतं.

परत आलीस की किती किलोमीटर झाले ते मला सांगू नकोस. गुहागरचा नकाशा काढ, कुठे चढ लागला ते त्यावर खूण कर, आणि कुठे पाणी अडवता येईल असं तुला वाटलं तेही मांड. मग तोच कागद घेऊन आपण दोघं पाटोद्याच्या डोंगरावर जाऊ. तिथे काम भरपूर पडलंय.

तुझा,
मामा