मागचा पेटीवाला

जामनेरला घरी आलो की रात्री हेडफोन लावून गच्चीवर पडायचं, हा माझा नेम. त्या खेपेला हेडफोन पुण्यातच राहिले, म्हणून फोन तसाच उशाशी ठेवला. कोरेल्लीचा आठवा सोनाटा चालू होता. एक व्हायोलिन आणि साथीला चेलो न् हार्पसिकॉर्ड. चार छोटे भाग, सगळे मिळून दहाएक मिनिटं. असे बारा सोनाटे रोममध्ये छापले गेले ते १७०० साली. आपल्याकडे सिंहगडावर राजाराम महाराज गेले, ते वर्ष.

शेजारच्या खाटेवरून आप्पा म्हणाले, "काय ऐकून राहिला रे?"

मी व्हायोलिनबद्दल सांगायला लागलो.

"ते राहू दे. मागचा पेटीवाला कोण आहे? चांगला धरून राहिला."

दोन वर्षं ऐकत होतो मी ते. मागचा पेटीवाला एकदाही ऐकला नव्हता.

आप्पांनी तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली. नाव बुवांचं व्हायचं. शाळेत कुणी विचारलं, "तुझे वडील गातात ना?" तर मी म्हणायचो, "नाही, नुसती पेटी." ते 'नुसती' त्यांच्या कानावर कधी गेलं का, माहीत नाही. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावा हात गेला. बोटं उजव्या हाताची, भाता डाव्याचा. म्हणजे वाजवणारा हात शाबूत आणि पेटी मुकी.

मग त्यांना सांगितलं, की या पेटीवाल्याला पूर्ण लिहून काहीच दिलेलं नसतं. खालच्या सुरांची एक ओळ, आणि तिच्यावर आकडे. ६ असेल तर त्या सुरापासूनचा तिसरा आणि सहावा सूर धरायचा; आकडाच नसेल तर तिसरा आणि पाचवा. बाकी कसं भरायचं ते त्याचं त्यानं बघायचं.

"मग आपल्यासारखंच," आप्पा म्हणाले. तसं अगदी नाही. आपली पेटी गाणाऱ्याच्या मागून जाते, ही खालून जाते. पण मी वाद घातला नाही.

सकाळी पेटी काढली. भाता मी धरला. सा शोधत आप्पा काळी दोनवर थांबले. मी म्हटलं, "आप्पा, पुस्तकात ई आहे, म्हणजे पांढरी तीन." त्यांनी फोनकडे मान केली, "मग हा खाली वाजवून राहिला." खरंच होतं. या जुन्या संगीताचे वादक आज बहुधा वाद्यं साधारण अर्धा सूर उतरवून लावतात. मी हे कुठेतरी वाचलं होतं, त्यांनी बोटानं काढलं.

मला वाटलं, ते व्हायोलिनची चाल पकडतील. ते चेलोच्या मागे गेले. एकेक सूर, सावकाश.

"भाता सारखा ठेव," ते दोनदा ओरडले. "गाणाऱ्याचा दम तुटला तर चालतो, आपला नाही."

शेवटच्या गीगला आम्ही दोघंही मागे पडलो. आप्पा म्हणाले, "पहिल्यापासून लाव."