चर बुजवणाऱ्यांना कुणी विचारलं नाही

मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या आमच्या गावात, रस्त्याकडेचा चर मुरमाने भरून ज्यांनी सरळ फाटकापर्यंत गाडी नेली, त्यांना कुणी काही विचारलं नाही. अण्णांनी मात्र रीतसर अर्ज केला, आणि सगळी विचारणा झाली ती त्यांचीच. अण्णांना हे अजून खुपतं.

मामला साधा होता. मुलाने गाडी घेतली. ती अंगणात घ्यायची तर चरावर मोरी हवी. चर रस्त्याच्या हद्दीत, म्हणजे रस्ता ज्या खात्याचा त्याची परवानगी आली. राष्ट्रीय महामार्गावर तर 2002 च्या नियंत्रण कायद्यानुसार परवानगीशिवाय प्रवेशमार्ग काढताच येत नाही. सातबारा, मोजणीचा नकाशा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, सगळं जोडलं. मग सातबारा जुना झाला म्हणून नवा मागितला. मग साहेबांची बदली झाली. हे सगळं अण्णांनी निमूट सोसलं, कारण सरकारी कामाला वेळ लागतो हे त्यांना नवं नव्हतं.

जिव्हारी लागली ती जागेची पाहणी.

पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी रस्त्याच्या मध्यापासून फाटकापर्यंत टेप धरला, आकडे लिहिले. मग वाकून चरातलं गवत बाजूला केलं. तळाशी बोटभर गाळ आणि त्यावर हिरवट पाणी. ‘इथे पाणी का तुंबलंय?’ त्यांनी विचारलं. अण्णांनी उताराच्या बाजूला हात केला. पुढच्याच फाटकासमोर चर मुरमाने काठोकाठ भरलेला होता. खाली साधा पाईपसुद्धा नव्हता. साहेबांनी तिकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘तो विषय वेगळा, काका. तुमचं बोला.’ अहवालात शेरा पडला: चरात पाणी साचते, सबब मोठ्या व्यासाची मोरी आवश्यक. अण्णांनी 300 मिलिमीटरचा पाईप दाखवला होता. मंजूर झाला 600 चा, तोही वजनदार एनपी-3 प्रतीचा. तो उतरवायला क्रेन आणावी लागली. पाणी अडवलं दुसऱ्याने आणि खर्च पडला अण्णांच्या माथी! शेजारी बेकायदा आहे याची नोंद त्या कागदावर कुठेही नाही, पण त्याच्या बेकायदेशीरपणाचा भुर्दंड अण्णांच्या परवानगीत मोजूनमापून धरलेला आहे. हा अन्याय नाही तर काय?

तरीही मोठ्या पाईपचा आग्रह चूक होता, असं आता म्हणवत नाही. ताम्हिणीच्या बाजूने येणारा पाऊस पुण्याच्या पावसासारखा नसतो. डोंगरउतारावरून गाळ, पालापाचोळा, खडी सगळं वाहत येतं आणि लहान पाईपचं तोंड हां हां म्हणता बंद होतं. याच तालुक्यातल्या हिंजवडीत 2025 च्या जूनमध्ये रस्त्यांना नदीचं रूप आलं. ओढे-नाले बुजवल्याची आणि अडवल्याची चर्चा तेव्हा राज्यभर झाली. पण उताराला वाट बंद ठेवून वरच्या अंगाला 600 चा पाईप टाका की 900 चा, पाणी मागे फुगणारच. नियम बरोबर असेल तर तो चराच्या सबंध लांबीला लावायला हवा. फक्त अर्जदाराच्या फाटकापुरता लावून भागत नाही.

ज्यांना अशी परवानगी काढायची आहे त्यांनी एवढं जरूर करावं: प्रत्येक कागदाची पोच घ्यावी, आवक क्रमांक टिपून ठेवावा, आणि पाहणीआधी चराचे दोन्ही बाजूंचे फोटो तारखेसह काढावेत. माहिती अधिकारही वापरावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की काम होतं, आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. अण्णांनी त्याच मार्गाने या पट्ट्यातल्या मंजूर मोऱ्यांची यादी मागवली. यादी आली. उताराकडच्या एकाही फाटकाची नोंद तिच्यात नव्हती.

परवानगीच्या पत्रातल्या अटीही वाचण्यासारख्या आहेत. मोरीची साफसफाई मालकाने करायची, रस्ता रुंद झाला तर ती स्वखर्चाने काढायची, आणि परवानगी केव्हाही रद्द होऊ शकते. अण्णा मिरगाच्या आधी फावडं घेऊन आपली मोरी साफ करतात. यंदा त्यांनी बुजवलेल्या चरांचा विषय ग्रामसभेत मांडला. एरवी शेजाऱ्यांशी वाकडं नको म्हणणाऱ्या बायकांनीच तो लावून धरला, कारण तुंबलेलं पाणी त्यांच्या ओट्याला लागतं. ठराव झाला, यादी जोडून खात्याकडे गेला. उत्तर अजून आलेलं नाही, आणि चर तसेच बुजलेले आहेत.