साल राखून दळणे

सुरतेच्या पूर्व अंगास असलेल्या पर्वत पाटियात, जेथे कापडबाजारांच्या टोलेजंग इमारती आणि पोटासाठी खानदेशातून आलेल्या माणसांच्या वसाहती शेजारी शेजारी नांदतात, तेथे माझी पिठाची गिरणी आहे. ताप्तीच्या खोऱ्यातील ज्या लोहमार्गाने अमळनेर-नंदुरबारकडील मंडळी उधन्यास उतरली, त्याच मार्गाने त्यांच्या दळणाचे दस्तूरही येथे आले, आणि कळण्याच्या भाकरीची ज्वारी-उडीद किती भरड ठेवावी याविषयी गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यात माझा बराच वेळ जातो.

परंतु दळणाचे खरे मर्म भाकरीत कळत नाही, कारण तेथे धान्य सगळेच्या सगळे पोटात जाते. धान्यातून सार काढून घेऊन उरलेले टाकावयाचे असते, तेव्हा ते कळते. चैत्र-वैशाखात कुरडयांसाठी गहू रोज पाणी बदलून तीन दिवस भिजवितात आणि तो आंबूस झाला म्हणजे चिरडून फडक्यातून त्याचा चीक गाळतात. हा ओला गहू दगडाखाली घालता येत नाही, म्हणून मळसूत्री दांड्याचे एक निराळे यंत्र मी बसविले आहे. ते दाणा कापीत नाही, पिळते. गर बाहेर पडतो आणि साल पापुद्र्यांच्या रूपाने शाबूत राहते. मिक्सरच्या पात्यांखाली तोच गहू अधिक बारीक होतो खरा, परंतु सालीचेही कण होऊन ते चिकाबरोबर फडक्यातून उतरतात आणि कुरडई तांबूस होते.

पुण्यास बिअर तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात माझा भाचा कामास आहे. त्याने तेथील व्यवहार सांगितला तेव्हा मला तो मुळीच परका वाटला नाही. मोड आणून वाळविलेला सातू ते दोन पोलादी रुळांमधील सुमारे एक मिलिमीटरच्या फटीतून काढतात आणि 65 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊन ठेवलेल्या पाण्यात तासभर मुरवितात. दाण्यातील विकरे त्या अवधीत पिठूळ गराची साखर करतात. पाणी जेथवर पोचेल तेथवरच साखर होणार, म्हणून न फुटलेला दाणा म्हणजे निव्वळ तोटा. मग सरळ पीठच का करू नये? तर साखर घेऊन पाणी खाली उतरावयाचे ते सालींच्या थरातून, आणि सालींचा भुगा झाला की तो थर चिखलासारखा बसतो, पाणी तुंबते, वर तुरटपणा अर्कात येतो तो वेगळाच. घरगुती प्रमाणावर हा उद्योग करणारे हौशी लोक धान्यातून मिळण्याजोग्या साखरेपैकी शेकडा 70 ते 75 हाती आली तर समाधान मानतात, आणि कमी आली की भांड्याला नि पाण्याला दोष देतात. अशा तक्रारींचा निकाल बहुधा रुळांची फट मोजली की लागतो, असे भाच्याचे मत आहे. चीक कमी निघाला म्हणून गव्हाच्या वाणाला शिव्या देणारी गिऱ्हाइके मी दर उन्हाळ्यात पाहतो, तेव्हा मला ते पटण्यास पुराव्याची गरज नव्हती.

त्याची एक युक्ती तर आमच्या घरातलीच निघाली. दळण्यापूर्वी सातूवर थोडेसे पाणी शिंपडले की साल लवचिक होते, तुटत नाही, आणि आतला गर कोरडाच राहून नीट फुटतो; रवा काढण्यापूर्वी गहू ओलवून फडक्यात बांधून ठेवणाऱ्या माझ्या आईला हे कोणी शिकविले नव्हते.

सुरतेत या विद्येचा प्रयोग करण्याची सोय नाही. मुंबई राज्याने 1949 साली केलेला दारूबंदीचा कायदा 1960 च्या वाटणीत दोन्ही राज्यांकडे आला. महाराष्ट्राने परवान्यांची वाट ठेवून तो सैल केला, गुजरातेने त्याचा अंमल सोडला नाही. सातूची गोणी पाठवू का, असे भाच्याने मध्यंतरी विचारले. पाठव, म्हटले, पण मोड न आणलेली. येथील बिहारी कामगारांत भाजलेल्या सातूच्या सत्तूला गिऱ्हाईक आहे, आणि तो कितीही बारीक दळला तरी कोणी गाळीत बसत नाही.