बांधावरची सावली

उन्हाळ्यात नुकत्याच तोडलेल्या बाभळीचा ओला, तुरट वास शिवारात आला की समजावे, कुठल्यातरी बांधावर वाद पेटला आहे. नृसिंहाने हिरण्यकशिपूचा निकाल उंबरठ्यावर लावला, ना घरात ना बाहेर. शेतकऱ्यांचे तंटे मात्र बांधावर लागतात आणि तिथेच पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळतात. एकाच्या बाभळी दुसऱ्याच्या तासांवर झुकतात, सावलीतले सोयाबीन खुरटते, मुळ्या ओल ओढतात. दोष या बाभळीच्या कुंपणाला दिला जातो. माझ्या मते खरा आरोपी कोरला गेलेला बांध आहे. दोन्हीकडून दरवर्षी ट्रॅक्टरचा फाळ वीतभर आत सरकतो. झाडाला पसरायची हक्काची जागाच उरत नाही आणि मग प्रत्येक फांदी अतिक्रमण ठरते.

यावर कोणी म्हणेल, मोजणी आणा. जरूर आणा, पण मोजणी हद्द दाखवते, फांदी छाटत नाही. मनुस्मृतीने गावाच्या शिवेवर वड, पिंपळ, पळस लावायला सांगितले, जमिनीत राख, कोळसा, खापऱ्या पुरायला सांगितल्या. साक्षीदाराने लाल वस्त्रे नेसून, डोक्यावर माती घेऊन शपथ वाहायची. एवढा बंदोबस्त करावा लागला, म्हणजे खुणा तेव्हाही सरकतच असणार! फांदीचे म्हणाल तर, शेजारच्या झाडाची आपल्याकडे आलेली फांदी त्याच्या जमिनीत पाय न ठेवता तोडता येते, नोटीसही लागत नाही, असे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ साली ‘लेमन विरुद्ध वेब’ खटल्यात ठरवले. कायद्याला नोटीस लागत नसेल, शेजाराला लागते. न सांगता चालवलेली कुऱ्हाड फांदीवर थांबत नाही.

मग सरळ तारच ओढावी? खांब कुठे रोवायचा, हाच तर मूळ वाद. शिवाय तार शेळीला पाला देत नाही की चुलीला सरपण. मला ती मुळीच आवडत नाही. ताब्याच्या वादांसाठी निदान सरकारी तोडगा तरी निघाला: २०२३ च्या सलोखा योजनेने किमान १२ वर्षे एकमेकांच्या ताब्यात असलेल्या शेतजमिनींची अदलाबदल १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून करण्याची सोय केली. सावलीसाठी अशी योजना नाही. तेव्हा मृगाआधी दोघांनी मिळून बांधावर उभे राहावे, बांध किती फूट राखायचा ते कागदावर लिहून सह्या कराव्यात, छाटणी एकाच दिवशी उरकावी. आणि तोडलेल्या काट्या शेजाऱ्याच्या वावरात टाकू नयेत. ज्याचे झाड, त्यानेच त्या उचलाव्यात.