जोर कुठे गळतो

माझी होंडा सिटी 2001 सालची. तिचा टायमिंग बेल्ट बदलायला झाला होता. लाखभर किलोमीटर झाले की या रबरी पट्ट्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. चालत्या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि काही हजारांचं काम थेट हेड उतरवण्यावर जातं. बेल्टचं खालचं झाकण क्रँक पुलीच्या मागे असतं आणि ती पुली धरून ठेवणारा बोल्ट एकच, 19 मिलिमीटर डोक्याचा. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप असा सगळा माल नाना पेठेतून आणून ठेवला होता. त्या बोल्टपाशी काम अडलं.

आमचे मिस्त्री पुण्यात तीसेक वर्षं गाड्या खोलतायत. डावं पुढचं चाक काढून त्यांनी आतली प्लास्टिकची ढाल उतरवली आणि एक्स्टेन्शन लावून इम्पॅक्ट गन चालवली. गन नुसती खडखडत राहिली. मी म्हणालो, "मिस्त्री, गंज धरलाय का? तेल सोडून बघू या?"

"गंज कसला साहेब, आटे कोरडे ठणठणीत आहेत. ताणून बसलाय तो."

होंडाच्या त्या काळातल्या बऱ्याच इंजिनांना हा बोल्ट 180 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायला सांगतात. चाकाच्या नटांना 108 पुरतात. त्यात होंडाची ही जुनी इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात. इंजिनाने वेग घेतला की जड पुली क्षणभर मागे रेंगाळते आणि तो हिसका बोल्टला आवळण्याच्या दिशेने बसतो. गाडी जितकी पळते तितका बोल्ट घट्ट होत जातो, असं मिस्त्रींचं म्हणणं.

हाताखालच्या पोराने सोपा तोडगा सुचवला : लांब दांडा जमिनीला टेकवायचा आणि सेल मारायचा. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनावर ही युक्ती चालते. दांडा अडतो, क्रँक फिरतो, बोल्ट सुटतो. धोका तिथेही असतोच, दांडा निसटला तर हात जातो. पण इथे फिरण्याची दिशाच उलटी. मिस्त्री त्याला म्हणाले, "अरे, सेल मारलास तर अजून आवळेल तो!"

मग क्रँक फिरू नये म्हणून पाचवा गिअर टाकून मी ब्रेकवर उभा राहिलो आणि मिस्त्री दांडा दाबू लागले. वरच्या गिअरमध्ये क्रँकचा जोर चाकापर्यंत कमी पटीने पोहोचतो, म्हणून ब्रेकला तो पेलतो. पण प्रत्येक दाबाबरोबर टायर दबायचा, ड्राइव्ह शाफ्ट किंचित पिळायचा, इंजिन आपल्या रबरी माउंटवर कलायचं. बोल्ट जागचा हलत नव्हता आणि आम्ही घामाघूम. गनचंही हेच झालं होतं. तिचे ठोके बारीक एक्स्टेन्शनच्या पिळात आणि गोट्यांच्या, म्हणजे सॉकेटांच्या, ढिल्या जोडांत जिरत होते. जोर भरपूर होता, पण तो वाटेतच गळत होता. तो बोल्टपर्यंत पोहोचवायचा तर आधी पुली धरायला हवी होती.

माझ्या गाडीच्या पुलीच्या मधोमध षटकोनी खाच आहे, 50 मिलिमीटरची. त्यात बसणारं होल्डर विकत मिळतं. मिस्त्रींनी ते घरीच करायचं ठरवलं. एम-33 नटाची बाहेरची मापं नेमकी 50 मिलिमीटर भरतात आणि त्याच्या भोकातून 19 ची गोटी आरपार जाते. रविवारी जुन्या बाजारात तसा नट मिळाला. वेल्डिंगवाल्याने त्याला जाड पट्टीचा हात जोडून दिला.

नट खाचेत बसवून पट्टीचं टोक जमिनीवरच्या लाकडी ठोकळ्यावर टेकवलं. पाऊण इंची जाड एक्स्टेन्शन घेतलं आणि ते तिरकं होऊ नये म्हणून बाहेरचं टोक घोडीवर ठेवलं. दांड्यावर मीटरभर पाइप चढवला, त्याचं तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला. म्हणजे जोर खाली दाबायचा आणि वजन आपोआप कामाला येतं. मीटरभर पाइपाच्या टोकाला साठ किलो म्हणजे जवळजवळ 590 न्यूटन-मीटर. मी हिसके न देता सावकाश भार टाकत गेलो. पाइप थोडा वाकला आणि 'कडाक्' असा आवाज झाला. काहीतरी तुटलं असंच वाटलं, पण मिस्त्री हसत होते. पुढे बोल्ट बोटांनी फिरला.

बेल्ट बसवून पुली परत लावताना पोरगा म्हणाला, "थोडा सैलच ठेवू या ना, पुढच्या वेळी बरं पडेल." मिस्त्रींनी त्याला पुलीची चावी दाखवली. बोटाच्या पेरापेक्षा लहान लोखंडाचा तुकडा. बोल्ट सैल राहिला तर पुली डुलते, ही चावी आपली खाच खाते आणि क्रँकचं नाकच निकामी होतं. टॉर्क रेंच 'टक्' वाजेपर्यंत बोल्ट आवळला. पुढच्या लाख किलोमीटरनंतर जो कोणी तो खोलेल, त्याचा घाम निघणारच. निघायलाच हवा.