तेव्हा स्पॅमला पत्ता होता

११ नोव्हेंबर २००८ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे इथल्या मकोलो नावाच्या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तोडली गेली आणि जगभरातला स्पॅम एकदम सुमारे दोन-तृतीयांशाने घसरला. वॉशिंग्टन पोस्टचा ब्रायन क्रेब्ज हा पत्रकार मकोलोच्या मागावर होता. कंपनीला इंटरनेट पुरवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांकडे त्याने पुरावे धाडले, विचारणा केली, आणि त्यांनी मंगळवारी दुपारी मकोलोला अंधारात टाकलं. ना कोर्ट, ना पोलीस. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. इतका मोठा त्रास आणि त्याचं बटण एका इमारतीत!

आज त्या दिवसांची आठवण आली की मला चक्क गंमत वाटते. तेव्हा वाटत नव्हती. हॉटमेलवर जागा मिळायची २ एमबी. ती परदेशी लॉटऱ्या, नकली रोलेक्स आणि निळ्या गोळ्यांच्या जाहिरातींनी भरली की कामाचं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जायचं. सायबर कॅफेच्या प्लायवूडच्या खोक्यात बसून, तासाचे पैसे भरून, पहिली दहा मिनिटं निव्वळ डिलीट करण्यात जायची. फिल्टरला चकवायला व्हायाग्राच्या ‘आय’च्या जागी १ आणि ‘ए’च्या जागी @ घातलेलं असे. पुढे पुढे तर मजकुराचा फोटोच येऊ लागला. २००४ मध्ये दाव्होसला बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. त्या दोन वर्षांत तो दुप्पट जोमाने फोफावतोय असंच आम्हाला वाटायचं.

गंमत अशी की हा कचरा पाठवण्यात आपल्या कॅफेतल्या मशीनचाही हात असायचा. चोरीचं विंडोज एक्सपी, अपडेट बंद, आणि दिवसभर कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह. मशीनमध्ये परक्याच्या हुकमावर चालणारा बॉट कधी शिरला हे मालकालाही कळायचं नाही. ‘नेट स्लो आहे’ एवढंच काय ते निदान. अशा लाखो मशीनची फौज म्हणजे बोटनेट. तिचे हुकूम सुटायचे मकोलोसारख्या ठिकाणी ठेवलेल्या सर्व्हरवरून. २०१२ च्या सुरुवातीला सोफोस कंपनीने स्पॅम पुढे धाडणाऱ्या देशांची यादी काढली, तेव्हा त्यात भारत पहिला होता. आपल्याकडे फार मोठे स्पॅमसम्राट होते म्हणून नव्हे, असुरक्षित मशीन भरपूर होती म्हणून.

आणि एवढ्या उपद्व्यापातून कमाई किती? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्टॉर्म नावाच्या बोटनेटमध्ये शिरून २००८ मध्ये हिशेब मांडला. २६ दिवस, सुमारे ३५ कोटी मेल, आणि खरेदीपर्यंत पोचलेली गिऱ्हाइकं २८. त्यातली एक सोडून बाकी सगळी पौरुषवर्धक मालाची! (त्या एकाला काय हवं होतं, याचं मला फार कुतूहल आहे.) मेल पाठवणं जवळपास फुकट, म्हणूनच हा धंदा चालायचा.

मकोलोनंतरची शांतता काही टिकली नाही. तिथल्या स्रिझबी या बोटनेटची रचना मोठी बेरकी होती. जत्रेत चुकामूक झाली तर मारुतीच्या देवळापाशी भेटायचं, असं आपण पोरांना सांगून ठेवतो, तसं मालक हरवला तर कोणत्या तारखेला कोणत्या नावाच्या साइटवर जायचं हे बॉटना आधीच पढवलेलं होतं. फायरआय कंपनीच्या लोकांनी ते गणित उलगडलं आणि ती नावं स्वतःच विकत घ्यायला सुरुवात केली. पण दर काही दिवसांनी नवी नावं, त्यांचे पैसे खिशातून. शेवटी त्यांनी हात टेकले. नोव्हेंबर सरायच्या आत स्रिझबी परत हजर.

मग मायक्रोसॉफ्ट कोर्टात गेलं. १६ मार्च २०११ ला रस्टॉक या बोटनेटची पाळी आली. कॅन्सस सिटी, स्क्रॅन्टन, डेन्व्हर, डॅलस, शिकागो, सिएटल, कोलंबस अशा सात शहरांतल्या होस्टिंग कंपन्यांवर अमेरिकी मार्शल जाऊन धडकले आणि हार्ड डिस्क उचलून घेऊन गेले. सुमारे दहा लाख मशीनचं जाळं होतं ते. दावा ट्रेडमार्कच्या कायद्याखाली, आणि स्पॅममधल्या गोळ्या नकली असल्याचं सांगायला व्हायाग्रावाली फायझर सोबतीला. मला ही मोहीम सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात डिस्क काढणारी खरी माणसं आहेत.

आपल्याकडे जाग आली ती २०१७ मध्ये. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं आणि बॉट साफ करणारं मोफत टूल पुण्याच्या क्विक हीलने दिलं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली ही कंपनी. घरोघरच्या आजारी मशीनची नाडी तिला ठाऊक होती. जानेवारी २०२१ मध्ये तर युरोप-अमेरिकेच्या पोलिसांनी इमोटेट या बोटनेटचे सर्व्हर ताब्यात घेऊन त्यांच्याच वाटेने बॉट पुसून टाकणारं अपडेट धाडलं. नोव्हेंबरात इमोटेट पुन्हा उभा!

आताचं काय? मेलमधला स्पॅम आहेच, पण तो जीमेल परस्पर बाजूला सारतं. फोल्डर उघडून बघायचीही कुणाला गरज पडत नाही. उपद्रव फोनवर आलाय. पूर्वी कोट्यवधींना एकच चुकीच्या स्पेलिंगचा मजकूर जायचा. आता फोन येतो तो तुमचं नाव घेऊन, व्हिडिओवर खाकी वर्दी दाखवून, ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देत. यातले बरेच फोन ज्या म्यानमार-कंबोडियातल्या कोंडवाड्यांतून होतात, तिथे बॉटच्या जागी माणसं बसवलेली आहेत, आणि त्यांतही आपले लोक आहेत: डेटा एन्ट्रीच्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेली मुलं. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं.

जोडणी तोडण्याचा जुना उपाय इथेही करून झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्क नावाच्या अशाच एका अड्ड्यावर छापा घातला, आणि त्याच सुमारास अशा अड्ड्यांभोवतीची २,५०० हून अधिक स्टारलिंक इंटरनेट उपकरणं स्पेसएक्सने बंद केली. परिणाम काय, तर हजारावर माणसं नदी ओलांडून थायलंडच्या माए सोतमध्ये शिरली. त्यांत जवळपास पाचशे भारतीय होते, आणि त्यांच्यासाठी पुन्हा विमानं पाठवावी लागली. अड्डे चालवणारे यजमान मात्र त्या गर्दीत फारसे सापडले नाहीत.