जम्बो ओळखायची खूण

आमचं लहानपण कुर्ल्याच्या चाळीत, विमानांच्या वाटेखाली गेलं. बाबांनी गच्चीवर शिकवलेलं: जम्बोचं कुबड आखूड, तर ७४७-२००. कुबड लांब, पण पंखांची टोकं साधी, तर ३००. कुबड लांब आणि टोकं वर वळलेली, तर ४००. एअर इंडियाकडे तिन्ही होती, खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेली.

२०२० मध्ये वुहानहून आपली माणसं आणली, ती ४०० नंच. एप्रिल २०२४ मध्ये 'आग्रा' नावाचं ४०० मुंबईहून अमेरिकेला गेलं, मोडीत निघायला. उडताना पंख हलवून निरोप दिला.

मंडळी, एखादं तरी इथे जपायला नको होतं का? लेकीला खूण शिकवतोय, पण मोबाइलवरच्या फोटोत.